घरच्या कार्यशाळेत उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांचे काय करावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातील आमच्या घराच्या मागील पडवीत माझे सुतारकामाचे बाक आहे. तिथे येणारे शेजारी, नातेवाईक आणि हा छंद नव्याने लावून घेतलेले तरुण कोपऱ्यातील तुकड्यांचा ढीग पाहून जे प्रश्न विचारतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. सगळी उत्तरे गोव्याची हवा, येथे मिळणारे लाकूड आणि येथील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

कोणते तुकडे ठेवावेत आणि कोणते टाकावेत?

वस्तू आधी ठरवून तिच्यासाठी तुकडा शोधू नये. तुकडा आधी ओळखावा आणि मग त्यातून काय निघेल ते ठरवावे. ओळखायचे म्हणजे लाकूड कोणते, त्याचे तंतू सरळ आहेत की तिरके, त्यात गाठ किंवा तडा आहे का आणि ते किती सुकलेले आहे, एवढे पाहायचे. सरळ तंतूंचा, बिनगाठीचा, १५ सेंमी लांबीचा फणसाचा तुकडा माझ्या दृष्टीने एक मीटर लांबीच्या पण वाकलेल्या, गाठाळ पट्टीपेक्षा मोलाचा आहे.

मी साधारणपणे १० सेंमीपेक्षा आखूड तुकडे फक्त कठीण लाकडाचे ठेवतो, कारण त्यांच्या खुंट्या, मुठी आणि पाचरी होतात. मऊ लाकडाचे तेवढेच तुकडे लगेच बाजूला काढतो. प्रत्येक तुकड्याच्या टोकावर शिसपेन्सिलीने लाकडाचे नाव आणि महिना लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. दोन वर्षे पडून राहिलेले फणसाचे आणि आंब्याचे लाकूड धुळीखाली ओळखू येत नाही. पुन्हा रंधा फिरवून पाहायचे, तर तेवढ्यासाठी चांगले लाकूड वाया जाते.

पावसाळ्यात हे तुकडे कसे सांभाळावेत?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले नाही, तर पुढची सगळी उत्तरे निरुपयोगी ठरतील. लाकूड सुकले म्हणजे ते कायमचे सुकले असे होत नाही; भोवतालच्या हवेत जेवढी आर्द्रता असेल, त्यानुसार ते ओलावा घेत आणि सोडत राहते. हवेतील आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडातील ओलावा साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतो, आणि ती ९० टक्क्यांवर राहिली की तो २० टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात उघड्या पडवीतील लाकूड या दुसऱ्या आकड्याच्या दिशेने सरकत असते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला, तर बुरशीला ते लाकूड सोयीचे होते.

म्हणून तुकडे चिऱ्याच्या भिंतीला टेकवून किंवा शेणाने सारवलेल्या अथवा सिमेंटच्या जमिनीवर थेट ठेवू नयेत. जमिनीपासून निदान एक वीत उंचीवर मांडणी करावी आणि थरांच्या मध्ये सारख्या जाडीच्या बारीक रिपा घालून हवा खेळती ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही. आठवड्यातून एकदा ढिगाखाली नजर टाकावी. मैद्यासारखे बारीक पीठ पडलेले दिसले, तर त्या तुकड्यात भुंगेरा शिरला आहे असे समजून तो तुकडा त्याच दिवशी बाहेर काढावा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर ती वाळवी होय आणि तिचा माग जमिनीपर्यंत शोधावा लागतो. भुंगेरा बहुधा खोडाच्या बाहेरील पांढऱ्या भागात शिरतो, गाभ्याच्या लाकडात क्वचित शिरतो. त्यामुळे पांढरा भाग आधीच तासून टाकलेले तुकडे जास्त टिकतात.

गोव्यात मिळणाऱ्या कोणत्या लाकडाचा तुकडा कशासाठी वापरावा?

फणसापासून सुरुवात करतो, कारण घरगुती कामासाठी मला त्याच्याइतके समाधान दुसऱ्या कोणत्याही लाकडाने दिलेले नाही. ताजे कापलेले फणसाचे लाकूड हळदीसारखे पिवळे असते आणि उजेडात राहून काही महिन्यांत तपकिरी होते. रंध्याखाली ते सरळ सुटते, त्याला वाळवी सहज लागत नाही आणि त्यावर चकाकी सुरेख येते. दक्षिणेत मृदंगाचे खोड आणि वीणेचा भोपळा याच लाकडाचे कोरतात, यावरून त्याची घडण किती एकसारखी असते हे लक्षात येईल. उरलेल्या तुकड्यांतून उलथणी, डबीची झाकणे, समईखालची चकती आणि देवघराची लहान कमान अशा वस्तू उत्तम होतात.

सागवानाचे तुकडे बाहेर, पावसात राहणाऱ्या वस्तूंसाठी राखून ठेवावेत. त्यात नैसर्गिक तेल असते, म्हणून ते टिकते. मात्र त्याच तेलामुळे डिंक नीट धरत नाही. जोड लावण्यापूर्वी ती बाजू ताजी रंधून किंवा थिनरने पुसून लगेच डिंक लावावा. सागात वाळूसारखे सिलिका असल्यामुळे पटाशीची धार लवकर बोथट होते, हेही ध्यानात असू द्यावे.

शिवण हलकी असून सुकल्यावर फारशी वाकत नाही, त्यामुळे कोरीव कामासाठी आणि खेळण्यांसाठी ती फार सोयीची आहे. आंबा घरात वापरायच्या डब्या आणि चौकटींसाठी चालतो, पण त्याला भुंगेरा आणि काळपट डाग लवकर लागतात, म्हणून त्याचे तुकडे साठवू नयेत, लगेच वापरावेत. ऐन, ज्याला आपल्याकडे मत्ती असेही म्हणतात, आणि किंदळ ही दोन्ही लाकडे जड, कणखर आणि सुकताना तडकणारी आहेत. त्यांचे तुकडे मोगरीसाठी, पटाशीच्या मुठीसाठी आणि पाचरींसाठी ठेवावेत.

माडाचे लाकूड या सर्वांपेक्षा वेगळे आहे. त्यात वार्षिक वलये नसतात. खोडाच्या बाहेरचा भाग अतिशय कठीण आणि आतला भाग मऊ, जवळजवळ निरुपयोगी असतो. बाहेरच्या गडद भागाचा हातभर तुकडा मिळाला, तर त्याच्या मुठी, खुंट्या आणि दवलीचे, म्हणजे करवंटीच्या डावाचे, दांडे करावेत. मात्र त्याची कुसळे लांब आणि तीक्ष्ण असतात, तेव्हा पॉलिश पेपरने काम पूर्ण होईपर्यंत त्यावरून उघडा हात फिरवू नये.

शिसमाचा बोटभर तुकडाही टाकू नये. फणसाच्या पिवळ्या झाकणात बसवलेली शिसमाची काळी पट्टी किंवा डबीची शिसमाची मूठ कामाला वेगळीच शोभा आणते. त्याचा भुसा मात्र अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो.

प्लायवूड आणि एमडीएफचे तुकडेही याच ढिगात ठेवावेत का?

नाही, ते वेगळे ठेवावेत. प्लायवूड ओलाव्याने फारसे फुगत-आकसत नाही, म्हणून डब्याचा तळ, खणाची मागची बाजू, कापणी अचूक व्हावी यासाठी लागणारे साचे आणि मार्गदर्शक पट्ट्या यांसाठी त्याचे तुकडे घन लाकडापेक्षा चांगले ठरतात. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेल्या फळीची, कड आपल्या पावसाळ्यात फुगते आणि एकदा फुगल्यावर ती पूर्ववत होत नाही, त्यामुळे साच्यांपलीकडे मी त्याचा उपयोग करत नाही. या दोहोंत फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक वापरलेला असू शकतो. अन्नाला लागणाऱ्या वस्तू, लहान मुलांच्या तोंडात जाणारी खेळणी आणि चुलीतील सरपण या तिन्हींसाठी ते वर्ज्य समजावेत.

चवथीच्या माटोळीची चौकट उरलेल्या पट्ट्यांतून करता येईल का?

करता येईल. माटोळी म्हणजे गणेशचतुर्थीला मूर्तीच्या वर टांगायची, फळा-फांद्यांनी सजवलेली लाकडी चौकट. माझ्या मते आपल्याकडील घरात उरलेल्या लाकडाचा याहून अर्थपूर्ण उपयोग दुसरा नाही, कारण नीट केलेली चौकट दरवर्षी काढून, पुसून पुन्हा टांगली जाते आणि पुढच्या पिढीच्याही हाती लागते. परंतु ही वस्तू गणपतीच्या मूर्तीवर टांगली जाते आणि तिच्याखाली घरातील माणसे बसतात, म्हणून तिच्या बाबतीत अंदाजाने काम करू नये.

प्रथम वजनाचा विचार करावा. सोडणासकट एक नारळ किलो-सव्वा किलोच्या आसपास भरतो. दहा नारळ, सुपारीचे घोस, केळीचा घड, चिबूड, आंबाडे, कवंडळे आणि रानातील इतर फळे-फांद्या मिळून मध्यम आकाराच्या माटोळीवर पंचवीस-तीस किलोंचा भार सहज येतो. चौकटीच्या बाहेरच्या चार पट्ट्या अखंड असाव्यात. दोन आखूड पट्ट्या टोकाला टोक जोडून लांब पट्टी करण्याचा मोह टाळावा, कारण लाकडाच्या टोकावर डिंक धरत नाही. अखंड लांब पट्ट्या नसतील, तर चौकटीचा आकार लहान करावा.

पट्टी कशी ठेवावी यावरही पुष्कळ अवलंबून आहे. २५ मिमी जाड आणि ५० मिमी रुंद पट्टी आडवी निजवून वापरण्याऐवजी उभी, म्हणजे ५० मिमीची बाजू खाली-वर येईल अशी वापरली, तर तेवढ्याच लाकडात ती चौपट ताठ राहते. आतील जाळीसाठी मात्र ३० ते ५० सेंमीचे आखूड तुकडे चालतात, आणि येथेच उरलेला ढीग कामी येतो. दोन पट्ट्या जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे प्रत्येकीत निम्म्या खोलीची खाच काढून त्या एकमेकींत बसवाव्यात. वरून नुसत्या खिळलेल्या पट्ट्यांपेक्षा हा जोड कितीतरी विश्वासार्ह असतो. कोपऱ्यांना खिळ्यांऐवजी नट-बोल्ट वापरले, तर चवथीनंतर चौकट सुटी करून माळ्यावर ठेवता येते.

सागवान, फणस किंवा किंदळ यांपैकी कोणतेही लाकूड चालेल, पण एकाच चौकटीत एकाच जातीचे असावे, म्हणजे सगळ्या पट्ट्या सारख्याच प्रमाणात हलतील. चौकट छताच्या वाशाला किंवा काँक्रीटमध्ये पक्क्या बसवलेल्या कड्यांना टांगावी. खोट्या छताला कधीही टांगू नये. टांगल्यावर प्रत्यक्ष फळे बांधण्यापूर्वी तेवढ्याच वजनाची वाळूची पोती एक रात्र लोंबकळत ठेवून पाहावीत. आमच्या घरी हा नियम कधीही मोडला जात नाही. पट्ट्यांना रंग किंवा व्हार्निश लावू नये. नुसत्या लाकडावर काथ्याची दोरी घसरत नाही.

स्वयंपाकघरासाठी कोणत्या वस्तू कराव्यात?

सुरुवात करवंटीच्या दवलीपासून करावी. चांगली पिकलेली, गोल करवंटी आतून-बाहेरून घासून घ्यावी, तिच्या कडेजवळ समोरासमोर दोन भोके पाडावीत आणि त्यांतून जाणारा माडाचा, फणसाचा किंवा बांबूचा दांडा बसवावा. दांड्याला किंचित उतार दिला की तो आपोआप घट्ट बसतो आणि डिंकाची गरज राहत नाही. अन्नाला लागणाऱ्या वस्तूत डिंक जितका कमी, तितके बरे.

उलथणे, मसाल्याचा चमचा आणि लोणच्याच्या बरणीतील पळी यांसाठी सरळ तंतूंचा तुकडा निवडून तंतू दांड्याच्या लांबीच्या दिशेने येतील याची खात्री करावी. तंतू तिरके असले, तर दांडा नेमका मानेजवळ मोडतो. चिंच, कोकम अशा आंबट पदार्थांशी रोज संबंध येणाऱ्या वस्तूंसाठी ऐन वापरू नये. ऐनातील टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाशी संपर्क येताच काळे डाग सोडते.

पाट किंवा चौरंग जोडून केला, की काही महिन्यांत त्याला तडा का जातो?

हा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. बहिणीच्या घरासाठी मी सागवानाचे चार तुकडे जोडून पाट केला होता आणि तो वाकू नये म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या पूर्ण लांबीभर डिंक लावून, स्क्रू पिळून घट्ट बसवल्या होत्या. काम आषाढातले होते. माघात पाटाला मधोमध, जोडावर नव्हे तर अखंड लाकडातच, लांबलचक तडा गेला.

कारण सोपे आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगते आणि आकसते. सागवानाची २५ सेंमी रुंद फळी ओलाव्याच्या १८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आली, तर कापणीच्या दिशेनुसार ती साधारण दीड ते तीन मिलिमीटर आकसते. खालची आडवी पट्टी मात्र आपल्या लांबीत हलत नाही. फळी आकसू पाहते, पट्टी तिला धरून ठेवते आणि शेवटी फळी फाटते. यावर उपाय असा की पट्टीला डिंक अजिबात लावू नये, मधला एकच स्क्रू घट्ट बसवावा आणि बाकीच्या स्क्रूंची भोके पट्टीत लांबट ठेवावीत, म्हणजे फळीला हलायला वाव मिळेल. शिवाय जोडकामासाठी लाकूड निदान दोन-तीन आठवडे घरातल्या खोलीत ठेवून मगच जोडावे, आणि शक्य असल्यास हे काम ऑक्टोबर ते मे या महिन्यांत उरकावे.

अन्नाला लागणाऱ्या वस्तूंना कोणते तेल लावावे?

आपल्या घरांत खोबरेल सहज हाताशी असते, म्हणून पहिला प्रश्न त्याचाच येतो. खोबरेल हवेत सुकत नाही. ते लाकडात ओलेच राहते आणि कालांतराने खवट होते. रोज वापरून धुतल्या जाणाऱ्या उलथण्याला ते चालेल, पण कपाटात ठेवायच्या वस्तूला लावू नये. जवसाचे कच्चे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडावर टिकाऊ लेप तयार करते. त्याचे अगदी पातळ हात द्यावेत, प्रत्येक हातानंतर जास्तीचे तेल पूर्ण पुसावे आणि दोन हातांच्या मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत; पावसाळ्यात हा काळ आणखी वाढतो. एक भाग मधमाश्यांचे मेण आणि चार भाग जवसाचे तेल मंद आचेवर, पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून एकजीव केले, तर हाताला सुखद लागणारा लेप तयार होतो.

येथे एक इशारा अत्यंत गांभीर्याने द्यावासा वाटतो. जवसाचे तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते, ती चुरगळलेल्या कापडात साठते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. भुशाने भरलेल्या खोलीत त्याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको. फडके उघड्यावर, दोरीवर एकेरी पसरून पूर्ण वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

काजूच्या टरफलाचे तेल कोकणात होड्यांना आणि कुंपणाच्या खांबांना लावण्याची रीत आहे आणि त्या कामासाठी ते उत्तम आहे, परंतु ते त्वचेला भाजते. घरातील वस्तूंना ते लावू नये.

लहान मुलांसाठी खेळणी करताना कोणती काळजी घ्यावी?

तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग ३२ मिमी व्यासाच्या नळीत मावता कामा नये, हा नियम सर्वप्रथम पाळावा, कारण तेवढा भाग मुलाच्या घशात अडकू शकतो. गाडीची चाके खिळ्याने ठोकू नयेत. लाकडी आस आरपार घालून तिच्या टोकांना पाचर मारावी. कडा इतक्या गोल कराव्यात की गालावरून फिरवल्या तरी टोचणार नाहीत.

ठोकळ्यांचा संच करायचा असेल, तर सगळ्यांची मापे एकमेकांच्या पटीत ठेवावीत. उदाहरणार्थ, ४ सेंमीचा घन, ४ × ४ × ८ चा ठोकळा आणि २ × ४ × ८ ची वीट. मापे अशी जुळली, की मूल मनोरे रचताना स्वतःच निम्मे आणि दुप्पट यांचा हिशेब शिकते. लगोरीचे सात तुकडे, भोवरा आणि विटी यांसाठी किंदळाचे किंवा फणसाचे लहान तुकडे योग्य आहेत.

रंगकामाची ओढ असलेल्यांनी कुंकळ्ळीच्या चित्तारी कारागिरांचे लाखकाम अवश्य पाहावे. कातारीवर, म्हणजे लाकूड गोल फिरवण्याच्या यंत्रावर, फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि केवड्याच्या पानासारख्या साधनाने ती घासून चकाकी आणतात. घरी कातारी असेल, तर शिवणीच्या बोटभर तुकड्यांवर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

जुन्या घराच्या शिंपल्यांच्या खिडक्या दुरुस्त करायला हे तुकडे चालतील का?

चालतील, आणि अशी खिडकी घरात असेल तर काम तिच्यापासूनच सुरू करावे. आपल्या जुन्या घरांतील या खिडक्यांमध्ये काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्या चौकोनी कापून बारीक लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेल्या असतात. बहुतेक वेळा शिंपल्या शाबूत असतात आणि पट्ट्याच कुजलेल्या असतात. सागवानाच्या उरलेल्या, सरळ तंतूंच्या १५-२० मिमी पट्ट्यांतून नवीन पट्टी करता येते. जुन्या पट्टीवरून खाचेचे माप घ्यावे आणि ती शिंपलीच्या जाडीपेक्षा किंचित सैल ठेवावी, कारण पावसाळ्यात लाकूड फुगून शिंपलीवर दाब येतो. तुटलेल्या शिंपल्यांच्या जागी नवीन शोधत बसू नये. हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. पाडल्या गेलेल्या दुसऱ्या खिडकीतील जुन्या शिंपल्या असतील तर त्या जपून ठेवाव्यात.

पक्षी आणि मधमाश्यांसाठी काय करता येईल?

चिमणीच्या घरट्याच्या खोक्याचे भोक ३२ मिमी व्यासाचे असावे, तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे असावीत आणि भोकाखाली बसायची दांडी लावू नये, कारण तिचा उपयोग भक्षकांनाच होतो. आतून रंग अथवा व्हार्निश लावू नये. छपराला पुढे चांगला उतार द्यावा आणि खोका नैऋत्येच्या पावसाच्या माऱ्याकडे पाठ करून टांगावा.

एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांसाठी कठीण लाकडाच्या ठोकळ्यात ३ ते १० मिमी व्यासाची, शक्य तितकी खोल पण मागून बंद अशी भोके पाडावीत. भोके लाकडाच्या टोकात पाडू नयेत, बाजूच्या तोंडात पाडावीत, कारण टोकाच्या बाजूने ठोकळा तडकतो. भोकाच्या तोंडाशी राहिलेली कुसळे घासून काढावीत, नाहीतर माशीचे पंख फाटतात.

भुशाचे आणि रंध्याच्या सालपटांचे काय करावे?

आपल्या घरांत मासळीचे खवले, काटे आणि आतडी रोज निघतात, आणि त्यांची दुर्गंधी हा सगळ्यांचाच प्रश्न आहे. भुशात कार्बन भरपूर पण नायट्रोजन अत्यल्प असतो, तर मासळीत नायट्रोजन विपुल असतो. म्हणून ही दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. एक घमेले मासळीचा कचरा आणि तीन घमेली भुसा व सालपटे एकाआड एक थरांत रचून, वर भुशाचा वीतभर थर देऊन, मांजर-कुत्र्यांपासून सुरक्षित अशा झाकणाच्या पिंपात ठेवावे आणि मधूनमधून वरखाली करावे. नीट जमले, तर वास येत नाही आणि काही महिन्यांत उत्तम खत मिळते. केवळ भुसा मात्र कुंडीतील मातीत मिसळू नये. तो कुजताना मातीतलाच नायट्रोजन ओढून घेतो आणि झाड पिवळे पडते. प्लायवूडचा आणि एमडीएफचा भुसा खतात अजिबात घालू नये.

फणसाच्या गाभ्याचा भुसा मी वेगळ्या डब्यात साठवतो, कारण त्यातून सुंदर पिवळा रंग निघतो. बौद्ध भिक्षूंची वस्त्रे रंगवण्यासाठी तो फार पूर्वीपासून वापरला जात आला आहे. कापडाच्या वजनाइतका भुसा रात्रभर भिजवून, तासभर उकळून गाळून घ्यावा आणि तुरटीच्या पाण्यातून काढलेले रेशमी किंवा लोकरी कापड त्यात मंद आचेवर ठेवावे. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून मग तुरटीत घालावे लागते, नाहीतर रंग फिका बसतो.

उरलेले तुकडे चुलीत, होळीत किंवा नरकासुराच्या प्रतिमेत जाळले तर चालतात का?

नुसते, रंग न दिलेले घन लाकूड चालते. प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेले, पॉलिश केलेले आणि हिरवट छटेचे रसायन मुरवलेले लाकूड जाळू नये. त्या हिरवट लाकडात तांबे आणि क्रोमियमबरोबर आर्सेनिक असू शकते, आणि ते धुरात व राखेत उतरते. नरकासुराच्या प्रतिमेभोवती पहाटे मुले उभी असतात, हे विसरू नये. अशी राख झाडांनाही घालू नये.

बंदरावरून येणाऱ्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या वापराव्यात का?

त्यांवरील शिक्का वाचून ठरवावे. आंतरराष्ट्रीय व्यापारातील लाकडी वेष्टनांवर प्रक्रियेचा शिक्का असतो. एच आणि टी ही इंग्रजी अक्षरे असतील, तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान निदान ३० मिनिटे राखून कीड मारलेली आहे असे समजावे. एम आणि बी ही अक्षरे असतील, तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, आणि असे लाकूड मी घरात आणत नाही. शिक्का नसलेले आणि तेलाचे डाग पडलेले लाकूडही नाकारावे.

लहान तुकडे कापताना अपघात कसा टाळावा?

लहान तुकडा यंत्रावर कापण्याचा हट्ट सोडावा. ३० सेंमीपेक्षा आखूड तुकडा रंध्याच्या यंत्रातून किंवा गोल करवतीवरून हाताने ढकलू नये. तुकडा उसळतो आणि बोटे पात्याच्या दिशेने ओढली जातात. जे करायचे ते लांब पट्टीवरच करावे आणि शेवटी हातकरवतीने तुकडा वेगळा करावा. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. पॉलिश पेपर वापरताना एन-९५ मुखपट्टी लावावी आणि दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. रुमाल बांधणे पुरेसे नाही.

या वस्तू विकाव्यात का?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा जत्रेत वस्तू मांडता येतील, परंतु तुकडे फुकट मिळाले म्हणून वेळही फुकट समजू नये. एका दवलीला लागणारे तास आधी मोजावेत.

अगदी पहिली वस्तू कोणती करावी?

पाचरी कराव्यात. किंदळाचे किंवा ऐनाचे बोटभर तुकडे घेऊन, एका टोकाला ८ ते १० मिमी जाड आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ शून्य, अशा वीस-पंचवीस पाचरी तासाव्यात आणि एका डब्यात भरून ठेवाव्यात. कोयत्याचा सैल झालेला दांडा, पावसाळ्यानंतर खिळखिळे झालेले दार, डुगडुगणारा चौरंग आणि चिऱ्याच्या भिंतीत पोकळ झालेली खुंटी या साऱ्यांना त्या उपयोगी पडतात. पाचर तासताना तंतू कोणत्या दिशेने जातात, पटाशी कुठे अडते आणि लाकूड किती कणखर आहे, हे हाताला आपोआप समजत जाते. त्यानंतर दवलीचा दांडा करायला घ्यावा.